वुजूचा नळ आणि हिरवेपणाची परीक्षा

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या पोरांत सध्या नवीच उतरंड लागली आहे. स्टीलची बाटली बाळगणाऱ्याला इलेक्ट्रिक स्कूटरवाला हसतो, दोघांना सायकलवाला. मी पुण्यात एसीत बसून कोड लिहितो, म्हणून मला बोलायचाच हक्क नाही म्हणे!

पूर्ण हिरवा माणूस हवा असेल तर माझी नानी घ्या. टँकरच्या गावात तिनं तांब्याभर पाण्यात वुजू केली. तिला कुणी पर्यावरणवादी म्हणत नाही.

पैगंबर (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करत, अशी नोंद सहीह बुखारीत आहे. मुद्द म्हणजे लिटरभरही नाही. मशिदीतला मोकळा सोडलेला नळ दोन-तीन मिनिटांत बादली भरतो. हिशेबाला इंजिनिअर लागत नाही. आणि वलीम्यात थर्माकोलच्या ताटल्या, ज्यांवर राज्यात २०१८ पासूनच बंदी आहे!

एकट्याच्या बाटलीनं हे थांबत नाही. दाबून चालणारे नळ कमिटीच बसवू शकते, ताटल्या यजमानच नाकारू शकतो. पुढच्या जुम्याला कमिटीसमोर सायकलवाला हवा, स्कूटरवाला हवा, आणि ज्याच्याकडे साधी बाटलीसुद्धा नाही तोही हवा.