चेकचा फोटो निघाला, कागद कोणी भरले?



आपल्या समाजातील एका विद्यार्थ्याला महामार्गावर ट्रकने उडवले. मांडीच्या हाडात सळी घातली, दुसरी शस्त्रक्रिया बाकी आहे. बाप गवंडीकाम करतो. वर्गणी चालू आहे. ज्यांनी दिली नसेल त्यांनी हा अंक खाली ठेवून आधी देऊन यावे.

दिलीत? आता बोलू.

५ मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजना लागू आहे. मोटार अपघातातील जखमीवर नेमून दिलेल्या इस्पितळात, अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता होतात. त्यासाठी योग्य इस्पितळ गाठावे लागते, पोलिसांकडची नोंद वेळेत व्हावी लागते. त्या सात दिवसांत आपले पुढारी एकदाच आले, चौथ्या दिवशी. चेक दिला, फोटो काढला, गेले. बापाच्या हातात कन्नड कागद होते आणि ते वाचून सांगायला एक कार्यकर्ता मिळाला नाही! कन्नडसक्तीच्या मोर्चात हीच मंडळी पहिल्या रांगेत असतात. (मोर्चाला मीही असतो, आणि पुढेही असेन.)

महाराष्ट्र सरकारने २०२३ साली महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना ८६५ सीमागावांना देऊ केली. कर्नाटकाने आक्षेप घेतला, आपण अभिनंदनाचे ठराव केले. पण त्यातून आपल्या किती रुग्णांचे बिल भागले, याचा हिशेब आपल्या कार्यकारिणीने एका तरी सभेत मांडला काय? शंभरावर किलोमीटर लांब कोल्हापूरला जखमी पोराला न्यायचे तर गाडी कोणाची, सोबत कोण, हे तरी ठरले आहे काय?

दर अपघाताला पोराचा फोटो मोबाईलवर फिरवून झोळी पसरायची, ही मदत नव्हे. त्या घराची अब्रू चव्हाट्यावर मांडणे आहे. गणेशोत्सवाच्या वर्गणीतून रुपयाला दहा पैसे कायम अपघात निधीत टाका. कन्नड वाचता येणारे दोन तरुण नेमा, रात्री-अपरात्री इस्पितळात धावतील असे. मूर्ती लहान होईल म्हणता? होऊ द्या फूटभर लहान.

रविवारच्या सभेत हा ठराव मी मांडणार आहे. विरोध असेल त्यांनी खुशाल करावा, पण उभे राहून, मोठ्याने. त्या पोराचा बाप सभेला येणार आहे.