पट्टीचा डीजे

'डीजे म्हणजे संस्कृतीचा ऱ्हास' हे वाक्य आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या प्राध्यापक-कक्षांत फार स्वस्त झाले आहे. आवाजाची तक्रार आम्हालाही मान्य. परंतु एका गाण्यातून दुसऱ्यात जाणे म्हणजे नुसते ठेके जुळवणे नव्हे, पट्टीही जुळवावी लागते. पांढरी 1 मधल्या बिलावलावरून पांढरी 5 मधल्या बिलावलावर गेले, तर 7 पैकी 6 स्वर तेच राहतात. आधीच्या षड्जावरून पाहता केवळ मध्यम तीव्र होतो. पांढरी 4 कडे वळले, तर निषाद तेवढा कोमल. शेजारच्या काळी 1 वर उडी मारली, की सामाईक स्वर उरतात दोन, आणि गाणी भांडू लागतात.

भरताने 9 वा 13 श्रुतींच्या अंतरावरील स्वरांना संवादी म्हटले, ते याच नात्यासाठी. आमचे समव्यवसायी मात्र नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायातले रससूत्र घोकवतात. अठ्ठाविसावा उघडतो कोण? शेगावच्या भजनात पेटीवाल्याने पट्टी धरली की ती साधना, आणि वरातीच्या गाडीवरच्या पोराने कानाने हेरली की तो धिंगाणा! हा न्याय कोणत्या समीक्षेतला?