कुंडीतील राफिस व आमची घाई

ज्वारी, हरभरा व सोयाबीन यांची चर्चा करणाऱ्या या मासिकात ओसरीवरील शोभेच्या झाडाने जागा का अडवावी, असे कित्येक वाचकांस वाटेल. त्यांस आमचे उत्तर इतकेच की, हे झाड आपल्या भागात बहुधा शेतीच्या ज्ञानामुळेच मरते. प्रमाण म्हणून आमचाच गुन्हा कबूल करतो.

तहसील कचेरीतून निवृत्त होताना सहकाऱ्यांनी आम्हांस राफिस जातीचा पाम भेट दिला. हा मूळचा दक्षिण चीनकडील, मोठ्या वृक्षांच्या छायेत वाढणारा. वर्षाकाठी मोजकीच पाने धरणारा. तीन महिने आम्ही वाट पाहिली, नवे पान दिसेना. मग रोग झाला असे ठरवून नांदेडच्या बिऱ्हाडी शेतातील काळी माती आणविली, हौदाएवढी कुंडी घेतली, मूठभर युरिया टाकला आणि दोन्ही वेळ पाणी घातले. श्रावण लागण्यापूर्वीच बुंधा कुजला. उपटून पाहतो तो मुळ्या काळ्या पडलेल्या व आंबूस वासाच्या!

याच जातीचा एक पाम लातुरास आमच्या भगिनीच्या घरी आहे. सन २०१६ च्या उन्हाळ्यात त्या शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या दिवसांत डाळ-तांदूळ धुतलेले तांब्याभर पाणी, तेही दोन-तीन दिवसांआड, एवढाच त्याचा वाटा होता. ओसरी उत्तराभिमुख असल्याने त्यास ऊन लागले नाही. तो जगला, आणि आज त्याच्या बुडाशी नवे फुटवे आहेत.

काळी माती शेतात सोने खरी. पण कुंडीत ती भिजली की फुगते व मुळांचा वारा कोंडते, वाळली की कडेपासून सुटते आणि घातलेले पाणी कडेनेच वाहून जाते. शिवाय आपल्याकडील पुष्कळ जमिनींत चुनखडी असते. तिच्यामुळे झाडास लोह मिळेनासे होते व कोवळे पान पिवळे निघते. कूपनलिकेचे जड पाणीही हाच उपद्रव करते. कुंडीच्या काठावर चढलेला पांढरा खार ही त्याची खूण. म्हणून पोयटा, जाड वाळू व कुजलेला पालापाचोळा समभाग घ्यावा, पावसाचे पाणी साठवून ते द्यावे, आणि वरची दोन बोटे माती सुकल्याखेरीज पुन्हा देऊ नये. कुंडी बदलणे झाल्यास दोन-तीन बोटेच मोठी घ्यावी. चैत्रापासून मृगापर्यंत ऊन व झळा या दोहोंपासून झाड दूर ठेवावे. या दिवसांत पानांच्या खालच्या अंगास लाल कोळी लागतो. ओल्या फडक्याने पाने पुसली की तो आवरतो.

कित्येक माळी दरमहा खत सांगतात. आम्हांस ते पटत नाही. जे झाड वर्षात मोजकी पाने धरते, त्यास बारा वेळा जेवू घालून काय होणार? पावसाळ्यात दोनदा मूठभर मुरलेले शेणखत पुरे.

खालचे जुने पान पिवळे पडू लागताच ते कापण्याचीही घाई नको. त्यातील पालाश झाड नव्या पानासाठी ओढून घेत असते. पान पुरते वाळल्यावरच कात्री लावावी. आमच्या घरच्या मंडळींस ते पिवळे पान पाहवत नाही, म्हणून दुसऱ्या राफिसची कुंडी आम्ही मागच्या ओसरीत ठेविली आहे, आणि कात्री आमच्या पेटीत!