वज्रेश्वरीच्या यात्रेला हॅम हवेत

चैत्र अमावास्येच्या यात्रेला वज्रेश्वरीत माणसांचा पूर लोटतो आणि ऐन गर्दीत मोबाइल लागेनासा होतो. चुकलेल्या पोराचा निरोप देवळाच्या ५२ पायऱ्या उतरून खाली बाजारात पोचवायला मग माणूसच धाडावा लागतो. मी परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक आहे, म्हणून ठामपणे सांगतो: यावर उपाय आहे आणि तो स्वस्तही आहे.

आमच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की अडतात. जवळच्या अकलोलीची गरम कुंडं तानसा नदीकाठी सखलात. तिथला पाच वॅटचा हातातला संच गणेशपुरीला ऐकू येईलच असं नाही. पण वर देवळाच्या तटाजवळ एक जण बसवला, की तो दोन्हीकडचं ऐकून निरोप पुढे देतो. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. कोण, कुठे, काय हवं, एवढंच सांगायचं. ही शिस्त सरावानंच अंगी बाणते. २००१ च्या भूज भूकंपात फोन बंद पडले, तेव्हा हॅमच उपयोगी पडले.

देवस्थान आणि तालुका प्रशासनानं यात्रेच्या नियोजन बैठकीला हॅमना रीतसर बोलवावं. आणि मुलामुलींनो, परवान्याच्या परीक्षेला वयाची अट फक्त १२ वर्षांची आहे. बसा!