निंदणातली भाजी

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की वडनेरच्या शिवारात पऱ्हाटी नीट डोकं वर काढायच्या आत तरोटा वर येतो. धुऱ्यावर, गोठ्यामागे, उकिरड्याच्या कडेला, जिथे ओल धरली तिथे. मुंबई-पुण्याकडे यालाच टाकळा म्हणतात. वीतभर रोप, टोकाला गोलसर पानांच्या तीन जोड्या. दिवस मावळला की ही पानं एकमेकांना चिकटून मिटून जातात. खायचे दिवस मोजून पंधरा-वीस. त्यानंतर पान राठ होतं, वास उग्र होतो आणि तरोटा पुन्हा नुसतं तण होऊन उभा राहतो. म्हणून या दिवसांत वावरात गेलेली बाई रिकाम्या ओटीने घरी येत नाही.

रानभाजी म्हटलं की शहरातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे मेळघाट नाहीतर गडचिरोलीचं जंगल येतं. वडनेर तसं नाही. हिंगणघाट तालुक्यातलं, नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं हे गाव. भोवती काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर. इथली रानभाजी जंगलातून येत नाही, ती निंदणातून येते. तासाला बसलेली बाई एका हाताने तण उपटत जाते आणि दुसऱ्या हाताने निवडत जाते. गवत, दुधी, गाजरगवत धुऱ्यावर. कुंजर, घोळ, केना, कोवळा माठ ओटीत. मजुरी शेतमालकाकडून मिळायची, भाजी वावराकडून. ही भाजी आण म्हणून कुणी सांगत नसे, नेऊ नको असंही कुणी म्हणत नसे.

तरोटा करायचा तर शेंडे तेवढे खुडायचे, देठाला नख लागलं पाहिजे. स्वच्छ धुऊन उकळत्या पाण्यात एक वाफ द्यायची, गार झाला की मुठीत दाबून पाणी पिळून टाकायचं. कडवटपणा त्या पाण्याबरोबर जातो. ओंजळभर पाला पिळून झाला की हातात लिंबाएवढा गोळा उरतो, तेव्हा चौघांच्या घरासाठी टोपलंभर खुडावा लागतो. तेलात ठेचलेला लसूण लालसर होऊ द्यायचा, हिरवी मिरची, कांदा, तासभर भिजवलेली हरभऱ्याची डाळ, मग चिरलेला पाला. पाणी घालायचं नाही, झाकण फार वेळ ठेवायचं नाही. डाळ बोटाने दबली पण मोडली नाही की उतरवायची. सोबत ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी. तरोट्यात खोबरं घालायची पद्धत कोकणातली. इकडे लसूण पुरे, आणि लसणानेच ही भाजी खुलते.

चिवळीचा हंगाम उन्हाळ्याचा. वैदर्भीय माणसाला परगावी सर्वांत जास्त आठवणारी ही भाजी. घोळीचीच बहीण, पण घोळीची पानं मांसल आणि जाड, चिवळीची मण्यासारखी बारीक. ओलिताच्या जमिनीला धरून ती चटईसारखी पसरते. निवडायला जीव जातो. मुळं खुडायची, मातीचा कण राहू नये म्हणून तीन-चार पाण्यांतून काढायची, शेवटच्या पाण्याच्या तळाशी बोट फिरवून कचकच लागते का पाहायचं. शिजायला मात्र पाच मिनिटं. तुरीची डाळ घालून किंवा बेसन पेरून करतात. आंबटसर चव बाहेरून घातलेली नसते, ती पानाचीच. घोळीत ओमेगा-3 जातीचं जे स्निग्ध आम्ल सापडतं तेच जवसातही भरपूर असतं. विदर्भाच्या गरीब ताटात या दोन्ही गोष्टी कुणी न सांगता शेजारी येऊन बसल्या होत्या. घोळीत ऑक्झलेटही बरंच असतं, तेव्हा मूतखडा झालेल्यांनी ती रोज खाऊ नये.

काटवलाची गोष्ट वेगळी. त्याचे नर वेल आणि मादी वेल निराळे असतात. फळ धरत नाही म्हणून कुंपणावरचा नर वेल उपटून टाकला, की पुढच्या वर्षी शेजारची मादी नुसतीच फुलते.

पोळ्यानंतर पाचव्या दिवशी ऋषिपंचमी येते. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, हाताने लावलेलं किंवा आपोआप उगवलेलं खायचं, असा नेम. पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावायची आणि पाचव्या दिवशी त्याच्या श्रमाशिवाय जेवून पाहायचं, हा क्रम फार सुंदर आहे. नांगराविना काय काय खाता येतं याची वर्षातून एकदा उजळणीच ती.

याच जिल्ह्यात पाल्याचा आणखी एक अभ्यास झाला. 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचं काम सुरू झालं, जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस. 1935 मध्ये गांधीजी तिथे राहत होते. रोजच्या जेवणात कच्चा हिरवा पाला किती आणि कसा घेता येईल याचे प्रयोग त्यांनी स्वतःवर केले, आणि ‘हरिजन’मध्ये त्याबद्दल लिहिलं. गरिबाला फुकट मिळणारं सत्त्व त्याच्या दारात उगवतं आणि त्याकडे कुणी पाहत नाही, हे त्यांना दिसलं होतं. निंदणाच्या तासातल्या बायांना ते आधीपासून ठाऊक होतं.

आता तेच निंदण सुटत चाललं आहे. सोयाबीनमध्ये उगवणीनंतरचं तणनाशक पेरणीपासून साधारण पंधरा-वीस दिवसांत मारतात. कुंजर आणि कोवळा माठ खाण्याजोगे असतात ते नेमके हेच दिवस. दोन्हींचं कॅलेंडर एकच, आणि त्यात भाजी हरते. कापसात ग्लायफोसेट सहन करणाऱ्या विनापरवाना बियाण्याचा प्रश्न त्याहून मोठा. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेने ते बियाणं उघडपणे पेरून सत्याग्रह केला. 2022 मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटची फवारणी फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फत करण्याचं बंधन घातलं. पण शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. आठ-आठ दिवस झड लागते, काळ्या मातीत पाय रुतून बसतो, निंदणाला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. तो फवारा उचलतो तो नाइलाजाने.

तरी एक गोष्ट त्याच्यापर्यंत पोचायला हवी. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ग्लायफोसेट सहन करणारा कापूस सर्रास झाला आणि काही वर्षांतच तिथल्या वावरांत केना माजला. आपल्याच ओळखीचा, निळ्या फुलाचा. ग्लायफोसेटला तो सहजी दाद देत नाही, उपटून टाकलेला तुकडा पेरापेराला मुळं धरतो, आणि वरच्या फुलांखेरीज मातीखालीही त्याला न उमलणारी फुलं येतात, त्यांतून बी धरतं. जॉर्जियाचा शेतकरी त्याच्यापुढे हैराण झाला. वडनेरकडे त्याच्या पानांची भजी होतात.

नव्याने रानभाजी खुडू लागलेल्यांसाठी एक इशारा गंभीरपणे द्यायला हवा. तरोट्यासारखाच दिसणारा कासविंदा धुऱ्यावर शेजारीच उगवतो. त्याच्या पानांच्या जोड्या तीनपेक्षा जास्त, आणि पानाचं टोक अणकुचीदार. पश्चिम उत्तर प्रदेशात याच झाडाच्या शेंगांतल्या बिया खाऊन लहान मुलं दगावली आहेत. ओळख पटली नाही तर खुडू नये. फवारलेल्या वावरातलं आणि महामार्गाच्या कडेचंही नको.

ऑगस्टमध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. चांगलंच आहे. पण मांडवातल्या टेबलावर पाटी लावून ठेवलेली जुडी पाहून कुंजर ओळखता येत नाही. तो ओल्या मातीत, इतर दहा रोपांच्या गर्दीत ओळखावा लागतो, आणि ते शिकवणारी बाई आज साठीच्या पुढे आहे. तिच्याबरोबर नातीने दोन पावसाळे वावरात जायला हवं. तेवढ्यासाठी प्रत्येक वावराचा एक धुरा बिनफवारणीचा राहिला तरी चालेल. श्रावण-भाद्रपदात त्या धुऱ्यावरच्या तरोट्याला पिवळी फुलं येतील, पुढे विळ्यासारख्या वाकड्या बारीक शेंगा धरतील, आणि तुरीला फुलोरा येईपर्यंत त्या तडकून बी तिथेच सांडेल.