चौकातली भिंत कुणाची?

आमच्या तालुक्याच्या चौकात उभं राहिलं की आभाळ दिसत नाही, फ्लेक्स दिसतो. वाढदिवसाचा, निवडीचा, यात्रेच्या शुभेच्छांचा. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरसुद्धा गेलेल्या माणसाचा फोटो लहान आणि श्रद्धांजली वाहणारांचे मोठे. मेलेल्यालाही तिथं पुरती जागा नाही, मग जिवंत कलावंताला कुठली मिळणार?

माझ्या लहानपणी ह्या चौकाच्या भिंती एका माणसाच्या हातात होत्या. त्याला सगळे पेंटरकाका म्हणायचे. निळीत भिजवलेली दोरी भिंतीवर ताणायची, मधे धरून टण्णदिशी सोडायची, की रेघ सरळ उमटायची. त्या रेघेवर किराणा दुकानाचं नाव, शाळेचा सुविचार, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागं ‘आईचा आशीर्वाद’. स्टँडाजवळच्या गोदामाच्या भिंतीवर काकांनी एकदा स्वतःच्या मनानं संबळ वाजवणारा गोंधळी काढला. तुळजापूरला पायी निघालेली माणसं त्या भिंतीला हात जोडून पुढं जायची. काकांना त्याचा छदामही मिळाला नाही, पण ते रोज संध्याकाळी समोरच्या हॉटेलात चहा पीत बघणारांकडं बघत बसायचे.

पुढं फ्लेक्सचं मशीन आलं. गोंधळ्याच्या छातीवर खिळे मारून कुणाचा तरी वाढदिवस टांगला गेला, नंतर भिंतीला चुना बसला. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं. आमच्याकडं ढीगभर पाट्या बदलल्या. त्यातली एकही काकांच्या हाताला आली नाही. मी विचारलं तर म्हणाले, “आता कोन बोलावतंय रं? मशीन अर्ध्या तासात काढतंय की.”

आमचा जिल्हा कलेला नवखा आहे, असं कुणी म्हणू नये. तेरला जाऊन बघा. दोन हजार वर्षांमागं हेच गाव ‘तगर’ म्हणून दर्यापारच्या ग्रीक व्यापाऱ्यांना ठाऊक होतं. गावच्या मातीत निघालेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी जिवापाड जमवल्या, म्हणून आज तिथं त्यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. मातीच्या बाहुल्या, हस्तिदंताची स्त्रीमूर्ती, शंखाचे दागिने. हे घडवणारे कोण होते? त्या काळचे आपलेच कारागीर. त्यांचं काम काचेच्या कपाटात, आणि आजचा कुंभार आठवडी बाजारात गटाराच्या कडेला गोणपाट अंथरून बसलेला. कला काचेत जायला दोन हजार वर्षं मरून पडावं लागतं काय?

२०२० च्या जानेवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या जिल्ह्यात भरलं. संमेलननगरीला तेरच्या गोरोबाकाकांचं नाव दिलं. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? पण नाव संताचं घ्यायचं आणि त्याच्या चाकावर बसणाराला चौकात हातभर जागा द्यायची नाही, हे कच्चं मडकंच म्हणायचं. गोरोबांनी थापटलं असतं तर लगेच कळलं असतं.

एका कचेरीत मी अर्ज घेऊन गेलो होतो. मागणी एवढीच, की चौकातली एक भिंत मोकळी द्या. साहेब म्हणाले, “चित्रं कोण बघणार इथं? हे काय पुणं आहे?” मी गप्प बसलो, तेव्हा बोलायला हवं होतं ते आता बोलतो. साहेब, आमची बाई रोज पहाटे उंबऱ्यापुढं रांगोळी काढते. आमचा शेतकरी पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतो आणि गावभर मिरवून आणतो. तांड्यावरची लमाण बाई काचा-कवड्यांचं भरतकाम अंगावर घालून बाजाराला येते. बघणारे इथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, जागा तेवढी तुम्ही अडवलीय.

दुसरा आक्षेप पैशाचा. भिंत आधीच उभी आहे. बेकायदा फ्लेक्स काढायला १९९५ चा विद्रूपीकरणाविरोधी कायदाही आहे. खर्च फक्त रंगाचा आणि मजुरीचा. आणि मजुरी द्यायचीच. “तुमचं नाव होईल” ह्या बोलीवर फुकट राबवून घेणं बंद करा. नावावर चूल पेटत नाही.

म्हणून मागणं साधं आहे. प्रत्येक तालुक्याच्या चौकात एक भिंत आणि तिच्याखाली एक पत्र्याचं शेड. भिंतीवर दर दोन महिन्यांनी जिल्ह्यातल्याच एका हाताचं चित्र. शेडात कुंभाराची, बुरडाची, लमाण बाईची वस्तू, खाली तिचं नाव, गाव आणि किंमत. पुढाऱ्याचा फोटो कुठंही नाही, उद्‌घाटनाच्या फलकावरसुद्धा नाही.

पेंटरकाका आता एका मंगल कार्यालयावर राखणदार आहेत. हात थोडा थरथरतो. परवा त्यांच्या घरी गेलो तर निळीची दोरी अजून खुंटीला टांगलेली दिसली. “ठेवलीय,” म्हणाले, “न जानो, कुनी भिंत दिली तर.”

द्यायची तर आता द्या. गोदामावरचा गोंधळी पुसला गेलाच आहे, तो परत काढणारा हात अजून आहे.