माप आधी, पट्टा नंतर

सुरत हे मापाचे गाव. तिथे कापड मीटरवर मोजतात आणि हिरा तर कॅरेटच्या शंभराव्या भागापर्यंत तोलतात. अशा गावातही कुत्र्याचा पट्टा मात्र नजरेच्या अंदाजाने घेतला जातो. आपल्याकडे तरी वेगळे काय आहे म्हणा!

खानदेशातून गेलेल्या मराठी कुटुंबांची सुरतेच्या उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत मोठी वस्ती आहे. तिकडे नांदायला गेलेल्या एका माजी विद्यार्थिनीचा परवा फोन आला. ‘‘सर, आमच्या पॉमेरियनला फिरायला नेले की तो ओढतो आणि खोकतो. म्हणून गळपट्टा काढून छातीचा पट्टा आणला. दुकानदाराने ‘छोटे कुत्रे ना, मग स्मॉल घ्या’ म्हणून दिला. पहिल्याच दिवशी भर रस्त्यात तो मागे सरला आणि पट्ट्यातून निसटला. समोर भटक्या कुत्र्यांचा घोळका! नशीब बलवत्तर म्हणून वाचला.’’

तिच्या बोलण्यात दोन प्रश्न होते. एक गळ्याचा आणि दुसरा मापाचा.

गळ्याचा प्रश्न शेतकऱ्याच्या घरात समजावून सांगावा लागत नाही. बैलाचे जू, कानडीत ज्याला आपण ‘नोग’ म्हणतो, ते वशिंडापुढे खांद्यावर टेकते. ओढ घ्यायची ती खांद्याने. गळ्याखालचा पट्टा सैलच असतो. खांदा सोलवटला तर जाणता शेतकरी बैल जुंपत नाही. कर्नाटकी बेंदूर असो, महाराष्ट्री बेंदूर असो की खानदेशातला पोळा, आदल्या दिवशी खांदेमळणी करून हळद-लोणी लावतात ते त्या खांद्याची आठवण ठेवूनच. एवढी समज आपल्या परंपरेत असताना दोन-तीन किलोच्या जिवाला मात्र आपण सरळ गळ्याने ओढतो.

श्वासनलिका कूर्चेच्या अर्धगोल कड्यांनी उघडी राहते. पॉमेरियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा अशा छोट्या जातींत या कड्या मऊ पडण्याचा विकार अधिक आढळतो. मग गळ्यावर दाब आला की हंसाच्या ओरडण्यासारखा कोरडा खोकला येतो. हचच्या जाहिरातीमुळे 2003नंतर घराघरांत पोचलेला पग तर चपट्या नाकामुळे मुळातच कष्टाने श्वास घेतो. गळपट्ट्याला ओढ बसली की डोळ्यातला दाब वाढतो, छातीच्या पट्ट्याने तसा वाढत नाही, असे 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते. मात्र एक सांगतो. खोकला सुरू झाला असेल तर आधी जनावरांच्या डॉक्टरांकडे जावे. खोकल्याला हृदयविकारासारखी इतरही कारणे असतात आणि पट्टा म्हणजे औषध नव्हे.

आता मापाचे. ‘छोटे कुत्रे’ हे काही माप नव्हे. आपल्या बागलकोट जिल्ह्यातला मुधोळ हाउंड आठवा. टपाल खात्याने 2005 साली त्याचे तिकीट काढले होते. छाती खोल, कंबर बारीक, डोके निमुळते. साधा गळपट्टा त्याच्या डोक्यावरून सहज निघतो. पग त्याच्या उलट, पिंपासारखा. पॉमेरियनची निम्मी जाडी केसांचीच असते. म्हणजे वजन सारखे असले तरी अंगलट वेगळी, आणि पट्टा बसतो तो अंगलटीवर.

शिंप्याची टेप घ्यावी आणि कुत्र्याला उभे करून दोन मापे घ्यावीत. पहिले, पुढच्या पायांच्या लगेच मागे, छाती जिथे सर्वांत रुंद तिथला घेर. दुसरे, मान खांद्याला मिळते तिथला घेर. केस दाबून टेप अंगाला लागू द्यावी, पण आवळू नये. आकडे कागदावर लिहून दुकानात न्यावेत आणि पाकिटावरच्या सेंटिमीटरशी ताडून पाहावेत. दोन आकारांच्या मधोमध माप आले तर जास्त बकले असलेला, कमी-जास्त करता येणारा पट्टा निवडावा.

समोरून पाहिल्यावर पट्टा इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा दिसावा. म्हणजे तो छातीच्या हाडावर टेकतो, गळा मोकळा राहतो आणि खांदे पुढे-मागे हलतात. छातीवरून आडवी जाणारी पट्टी खांद्याच्या सांध्यावर आली तर पाऊल आखूड पडते. काखेत पट्टी रुतू नये. काख आणि पट्टी यांत बोटभर तरी अंतर हवे. पट्टीखाली छोट्या कुत्र्याला एक बोट, जरा थोराडाला दोन बोटे सहज सरकावीत. कडी-बकल हलके असावे. मोठ्या कुत्र्याची लोखंडी कडी छोट्याच्या पाठीवर ओझेच होते.

सुरतेची हवा समुद्रकाठची, दमट. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते मुख्यतः धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकते आणि दमट हवेत तेही नीट साधत नाही. म्हणून तिथे पोट-पाठ झाकणारा जाड, गुबगुबीत जाकीटवजा पट्टा नको. जाळीदार अस्तराचा, मऊ कडांचा घ्यावा. नायलॉनची कोरी पट्टी काठाला कापते, तेव्हा कडेवरून बोट फिरवूनच ती घ्यावी. पावसाळ्यात ओला पट्टा अंगावर तसाच राहिला तर कातडी चिघळते. एक धुवायला आणि एक वापरायला, असे दोन असले तर बरे. आपल्या घाटाखालच्या आणि किनाऱ्याकडच्या वाचकांनाही हे लागू आहे.

रस्त्यावर नेण्याआधी घरातच परीक्षा घ्यावी. पट्टा चढवून कुत्र्यासमोर उभे राहावे आणि दोरी हलकेच आपल्याकडे ओढावी. ते मागे सरून कोपर किंवा डोके बाहेर काढू शकले तर पट्टा सैल आहे. ही परीक्षा बंद दाराआड दोन मिनिटांत होते. रस्त्यावर झाली तर किंमत मोठी असते. आजोबा किंवा शाळकरी मुले कुत्र्याला फिरवत असतील तर त्यांच्याकडूनही बकल लावून घेऊन पाहावे. पट्ट्याला आपला फोन नंबर कोरलेला बिल्ला अडकवावा.

पहिले दोन-तीन दिवस पट्टा घरात पाच-दहा मिनिटेच घालावा, सोबत आवडीचा घास द्यावा. पिल्लू असेल तर दर पंधरवड्याला नव्याने माप घ्यावे. आणि फिरून आल्यावर पट्टा काढून ठेवावा, काखेतून आणि छातीवरून हात फिरवावा. केस झडलेले, कातडी लाल झालेली हाताला आणि डोळ्याला लगेच कळते. कुत्रे तोंडाने सांगणार नाही. ते फक्त दोरी दिसल्यावर पलंगाखाली जाऊन बसेल, आणि आपण म्हणू, ‘हल्ली याला फिरायचा कंटाळा येतो!’